पानवेलीवरचा केसाळ किडा

शेजारचा वामन हल्ली माझ्याकडे चहाला का येत नाही, विचारता? ऐका तर.

त्याची पानवेलीची वाडी माझ्या वाडीच्या कुंपणाला लागून. त्याच्या पानांवर काळे डाग पडले, आणि तो थेट माझ्या ओटीवर आला. "रोग तुझ्याकडून आला. कुंपणालगतच्या वेली उपट आणि जाळ."

मी म्हणालो, "आधी रोग दाखव."

माझी सून तुळिंजला कॉलेजात शिकवते. तिने सुट्टीत साफ करायला कॉलेजचा मायक्रोस्कोप घरी आणला होता. माझ्या पानाचा पातळ पापुद्रा तिने काचेवर ठेवला. वामन खांद्यावरच्या टॉवेलने भिंग पुसायला निघाला.

ती ओरडली, "काका, चरे पडतील! नुसतं बघा."

वामनने नळीला डोळा चिकटवला. "सापडला! काळा, केसाळ किडा! पाय हलवतोय. काय रे, आता बोल!"

माझी नजर कुंपणालगतच्या वेलींकडे गेली. माझ्या हातांनी लावलेल्या वेली त्या.

तो मला ऐकवत होता, तेवढ्यात सुनेने काच हळूच काढून घेतली. "आता बघा, काका."

"आहे की! तोच! कुठं जातोय?"

"काका, खाली पानच नाही. तुम्ही डोळा फार जवळ नेलात. तुमच्याच पापणीचे केस दिसतायत."

वामन डोळा चोळत उभा राहिला. मी कोपऱ्यातला फवारणीचा पंप उचलला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"बोल वामन, औषध कुठं मारू?"