बोंडाचा ठसा

माहं नाव शेवंता. माहेर उमरखेडचं, सासर हे इथलं, फुलसावंगीच्या जवळचं. आमी रंगारी. रंगारी म्हनलं का आता लोकायले भितीले रंग देनारा वाटते, पन तसं नाई बापा, आमी ठशाचे रंगारी, सागाच्या लाकडावर नक्षी कोराची, तो ठसा रंगात टेकवाचा अन् कापडावर हानाचा, जाजमं, गोधड्यायचे पल्ले, तांड्यावरच्या बायकायच्या घागऱ्यायचे काठ, सारं आमच्याच घरून जाये. ठसा कोरनं अन् मारनं मानसायचं काम, अन् रंग करनं बायकायचं. येवढं ध्यानात ठेवा, म्हनजे पुढचं समजन.

मले पाहाले मामाजी आले, मामाजी म्हनजे माहे सासरे, तर त्यायनं मले सैपाक येते का इचारलं नाई, नाव इचारलं नाई, म्हने पोरीच्या हातचा रंग पाहू. आमचा काळा रंग कसा होते सांगू का तुमाले, गंजलेलं लोखंड घ्याचं, घोड्याचे नाल, फाळाचे तुकडे, ते गुळाच्या पान्यात मडक्यात टाकून ठेवाचं, पंधरा-वीस दिवसानं आंबट वास सुटते, शेजारीपाजारी नाक धरतात. मंग त्या पान्यात चिंचोक्याचं पीठ शिजवून घट्ट कराचं. भांड्यात पाह्यलं तं मळकंच दिसते, पन हिरड्याच्या पान्यातून काढून वाळवलेल्या कापडाले टेकलं का काळंभोर. लहानपनी मले ती जादूच वाटे. तर मी रुमालायेवढं फडकं हिरड्यातून काढलं, ठसा मारला, अन् मामाजीनं ते आमच्याच चुलीवर सोड्याच्या पान्यात उकळाले टाकलं अन् चहा पेत बसले. माही माय दाराआड उभी, तोंडाले पदर लावून. पानी आटलं तवा काडीनं फडकं काढलं, उनात धरलं, रंग तसाच. मामाजी म्हने, पोरगी पक्की हाय. येवढ्यावर माहं लगन झालं. लय मिरवलं मी ते, काय सांगू तुमाले, पंगतीत बसली तरी हात पुढं ठेवून बसू, काळे हात, धुतले तरी न जानारे.

कापडाचं काम पुढं गिरन्यायनं खाल्लं. पन येक काम आमच्या घरचं कोनी नेऊ शकलं नाई, ते पोळ्याचं. दुसऱ्या गावात बैलायच्या आंगावर लोक वाटीनं, बांगडीनं गेरूचे गोल मारतात, नाई तं आलू कापून मारतात. आमच्या गावात मामाजीनं घरापरती येगळा ठसा कोरून ठेवला होता, कोनाचा मोर, कोनाची कोयरी, कोनाची चांदनी, अन् आमच्या शेजारच्या भाऊरावभाऊजीच्या घराचं बोंड, कापसाचं फुटलेलं बोंड, चार पाकळ्या अन् खाली देठ. त्याले दोन लाकडं, येक रेघेचं अन् येक भरनीचं, अन् ढोर हाललं तरी भरनी रेघेच्या बाहीर जात नसे, असा मामाजीचा हात. मामाजी गेल्यावर आमचे मालक मारू लागले, मालक म्हनजे माहे घरचे. आदल्या दिवशी बैलायची खांद शेकून त्यायले, आज आवतन घ्या उद्या जेवाले या म्हनून झालं का सकाळी जोड्या धुवून आमच्या दारात. मी बैलाच्या पुठ्ठ्यावर हिरड्याचं पानी पुसो, वाळलं का मालक ठसा मारत. पांढऱ्या आंगावर काळं बोंड, दिवाळी होऊन जाये तरी निंगत नसे. लोक बोजारा देत, म्हनजे पोळ्याचे दान-पैसे, अन् म्हनत, ठसा असावा तं असा.

मंग कापसाची सालं खराब आली. कोनतं साल ते इचारू नोका, येक नोतंच ते, बोंडात अळी, अळी नाई तं पानी नाई, पानी हाय तं भाव नाई. घराघरातून बैल निंगून राह्यले होते. पन पोळ्याच्या आंधी कोनी इकत नसे, काहून का पोळ्याले तोरनाखाली जोडी नसली तं सारं गाव इचारन. म्हून पोळा कराचा, बैलाले पुरनपोळी चाराची, अन् आठ-पंधरा दिवसानं फटफटाच्या आंधी उमरखेडच्या बाजाराले हाकलाची. गावात सांगाचं, लेकीच्या गावी धाडली डवरनीले, पिकातलं तन काढाले. पन आंगावर आमचा ठसा, अन् बाजारात आपल्या गावचं कोनी ना कोनी राह्यतेच. चांदनीच्या ठशावाल्या घरची जोडी तिथं दिसली अन् सांजेपावतर हापशीवर बायका बोलून राह्यल्या, पुजला अन् इकला, पुजला अन् इकला. त्या घरची बाई हापशीवर याची बंद झाली, नाल्यावरून पानी आने. मले वाईट वाटलं. पन खोटं कायले बोलू, येका कोपऱ्यात बरंबी वाटलं, का बाजारात ढोरायच्या गर्दीतबी आमचा ठसा ओयखू आला. आता ते आठवलं का जमिनीत जावं वाटते.

पुढच्या पोळ्याच्या आंधी मी परसात मडकं ढवळून राह्यलती तं गोदा आली. गोदा म्हनजे भाऊरावभाऊजीची बायको. आमी दोघी येकाच साली या गावात लगन होऊन आलतो, माही भाकर तिच्या चुलीवर अन् तिची माह्या, असं आमचं. बसली, जमिनीवर काडीनं रेघा ओढे. मंग म्हने, शेवंता, यंदा आमच्या जोडीले धुतला का जाईन असा ठसा मार. मी म्हनलं, काहून वं? ती मडक्याकडं पाहे, माह्याकडं नाई. म्हने, मी आलती हे आमच्या यायले नोको सांगू, तुह्या मालकालेबी नोको सांगू, तुले लेकराची आन हाय.

कच्चा रंग कराले काय लागते, कंदिलाची काजळी चिंचोक्याच्या खळीत कालवली का झालं, दिसाले तसाच काळा. पन मी इचार केला, पोळ्याले पानी येतेच. येकट्या भाऊजीच्याच बैलावरचं बोंड वाहून गेलं अन् बाकीच्यायचे मोर-कोयऱ्या तशाच राह्यल्या, तं दुधखुळ्यालेबी समजन का हे मुद्दाम केलं अन् कायले केलं. म्हून मी मडकंच बाजूले सारलं अन् साऱ्या गावाले काजळी लावली. मालकायनं भांड्यात पाह्यलं, म्हने आज रंग आधीच काळा कसा? मी म्हनलं, ठसा कुठं बसला ते तुमाले दिसावं म्हून थोडी काजळी टाकली. तसं आमच्यात टाकतातबी. त्यायनं मान हालवली अन् मारू लागले. रंगाचं माह्याकडं होतं, त्यात ते कधी बोललेच नाई.

तोरनाखाली जोड्या उभ्या, झडत्या, म्हनजे पोळ्याची गानी, म्हनून राह्यले लोक, अन् पानी आलं. मोठं नाई, साधी सर. पन बैलायच्या पोटावरून काळे ओघळ निंगाले, मोर गेला, कोयरी गेली, चांदनी गेली, बोंड गेलं. आंधी कोनी येक हासला, मंग सारेच. रंगाऱ्याच्या घरी काजळी, असं कोनी तरी म्हनलं. मालकायनं येका बैलाच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं अन् नाकाले लावलं. लोखंडाचा वास आंबट राह्यते, याले रॉकेलचा वास. साऱ्यायच्या समोर मले म्हने, शेवंता, हे काय होय? मी म्हनलं, मडकं बिघडलं होतं. ते म्हने, मले सांगाचं होतं. बस, येवढंच. बायकायच्या घोळक्यात गोदा होती, तिनं सांगाले तोंड उघडलं, मी दुरूनच नोको म्हून मान हालवली.

भाऊजीची जोडी गेली, केव्हा गेली कोनाले समजलं नाई, बाजारात कोनी ओयखली नाई. गोदा हापशीवर आली, चारचौघीत उभी राह्यली. तेच पाह्यजे होतं मले. पन गंमत पाहा, त्याच्यानंतर आमचं दोघीचं बोलनंच आटलं. ती मले पाहून लाजे अन् मी तिले पाहून, मधात येवढीशी भित, पन भाजीची वाटी जाईना.

अन् आमच्या घरचं काय झालं म्हनसान तं, दुसऱ्या साली लोकायनं दुकानातून तेलाचा रंग आनला. मालकायनं ठसे बोऱ्यात भरले, तोंड बांधलं, माळ्यावर टाकलं, अन् राजूरले खानीवर ट्रका भराले गेले, महिन्या-दोन महिन्यानं येत. भांडले असते तं बरं झालं असतं, पन ते भांडलेबी नाई. उमरखेडपावतर गोष्ट पोचली. भावाच्या पोरीचं लगन होतं, आमच्यात नवरीचं पांघरून घरच्याच बाईच्या हातच्या रंगानं ठसवतात, ते काम माहंच होतं, भावानं दुसरीले देल्लं अन् मले म्हने, तुले तरास कायले. सारा मांडव रंगारनीयचा, साऱ्यायचे हात काळे, अन् माहे मास्तरनीवानी गोरे. काजळी धुतली का जाते नं. मी पदराखालून हात काढलेच नाई, अक्षता टाकाले काढले तेवढेच.

तुमी म्हनसान, मालकाले काहून नाई सांगतलं? आन होती. अन् अजून येक सांगतो, मले रागबी होता. येवढी सालं माह्या हातचा रंग पाह्यला अन् येका सरीत इश्वास गेला तुमचा? मंग जाऊ द्या. म्हून मी मडकंच केलं नाई परत. सुकलं, चिर गेली त्याले, त्यात कोंबडी अंडे द्याची.

असं वरसानुवरस चाललं. परवाच्या साली गोदा गेली. मी तिच्या उशाशी बसली होती, तिनं माहा हात धरला, फिरवून पाह्यला, गोरा हात, अन् रडली.

अन् मागच्या साली तान्हा पोळा आला. तान्हा पोळा म्हनजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडाचे नंदी घेऊन निंगतात. आता गावात जित्या जोड्या बोटावर मोजाच्या, टॅक्टर झाले, पन लाकडाचे नंदी ढीगभर. मी मारोतीच्या पारावर बसली होती, मालक तिकडं मानसायत, खान सोडून घरीच राह्यतात आता. भाऊरावभाऊजी काठी टेकत आले, खाकेत नातवाचा नंदी. माह्यासमोर ठेवला अन् म्हने, वहिनी, याले आमचं बोंड मारा. अन् पक्का मारा. हा काही इकाचा नाई.

मंग त्यायनंच सांगतलं, साऱ्यायले आयकू जाईन असं. म्हने, गोदानं जातानी मले सांगतलं, तवापावतर मलेबी माहीत नोतं. मी जोडी इकून आलो अन् तुमच्या ठशाले हासलोबी, वहिनी, साऱ्यायसंगं हासलो.

लोक माह्याकडं पाहून राह्यले, कोनी माय म्हने, कोनी काय. तुमाले वाटन का मंग मान वर झाली असन. नाई बापा. इतकी लाज मले त्या पोळ्याच्या पान्यातबी आली नोती. आतापावतर मी मनात म्हनत होती का ही लाज लोकायनं खोटी टाकली माह्यावर, मी तं पक्की हाय. अन् भाऊजीनं पक्का मागतला तं माह्या घरी होतं काय, चिर गेलेलं मडकं अन् कोंबडी. लोकायनं म्हनलं ते मीच खरं करून ठेवलं होतं, रुसून बसून. मी खाली पाहून म्हनलं, भाऊजी, रंग नाई घरी. पंधरा-वीस दिवस थांबा. ते म्हने, थांबतो.

मालक उठले अन् निंगाले. मले वाटलं आता हे परत राजूरले जातात का काय. घरी येऊन पाहतो तं बोरा माळ्यावरून खाली, तोंड सोडलेलं, बोंडाची दोनी लाकडं उनात ठेवलेली, तेल पाजलेलं. अन् परसात कुंभाराकडचं कोरं मडकं, त्याच्यापाशी गंजलेले नाल, फाळाचे तुकडे, कुठून गोळा केले त्यायचं त्यायले माहीत. माह्याकडं पाह्यलं नाई त्यायनं. म्हने, गूळ हाय का घरी?

मी गूळ आनाले आत गेली, अन् डब्याले हात लावून तिथंच बसली लय येळ. त्यायनं परत आवाज देल्ला नाई, थांबले.

तो नंदी आता भाऊजीच्या कोनाड्यात हाय, जाऊन पाहा, वाटलं तं थुक लावून घासा. यंदा पोळ्याले गावातल्या ज्या काही जोड्या हाय त्यायले आमीच मारू, चांदनीच्या घराचंबी पोट्टं येऊन सांगून गेलं. लाज गेली असं मी म्हनत नाई, ती काही काजळीची नसते. गोदा असती तं बरं झालं असतं, येवढंच राह्यते मनात. घ्या, चहा घ्या. माहे हात पाहून कचरू नोका, कपाले काही लागत नाई, पक्का हाय.