लाल ठिपक्याच्या चौदा खेपा

(रुग्णालयातली विभागप्रमुखांची खोली, सकाळची वेळ. थोरली बहीण शिंपीकाम करते. ती चाकाच्या खुर्चीत, उजव्या पायाला पट्टी. धाकटा भाऊ उभाच.)

भाऊ : तुम्ही माझ्या बहिणीला चौदा वेळा मेलेल्या मशीनखाली झोपवलंत, साहेब. एकदा नाही, दोनदा नाही, चौदा वेळा. आणि उद्या सकाळी तिच्या पायाचा अंगठा कापायला निघालात.

साहेब : आवाज खाली करा. बाहेर पेशंट बसलेत.

भाऊ : त्यांना ऐकू जावं म्हणूनच मोठा ठेवलाय.

साहेब : तुम्ही कोण यांचे?

भाऊ : धाकटा भाऊ. टीव्ही, रेडिओ, रिमोट दुरुस्त करतो. तुमच्या बाहेरच्या टीव्हीचा रिमोट हा माझ्या खिशात आहे. चोरला नाही, पुराव्याला आणलाय.

साहेब : लेझर मशीन बंद आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?

भाऊ : माझ्या मोबाइलनं.

साहेब : उपचाराच्या खोलीत मोबाइल चालत नाही. तशी पाटी आहे.

भाऊ : पाटी चालू आहे, मशीन बंद आहे. ऐका. रिमोटच्या तोंडातून जो उजेड निघतो तो डोळ्याला दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं रिमोट गेला, की मी पहिली परीक्षा हीच घेतो. तुमचा लेझरही न दिसणाऱ्या उजेडाचाच, तुम्हीच भिंतीवर लिहून ठेवलंय. आज अक्काला चालवेना म्हणून मी पहिल्यांदा आत आलो. मशीनवरच्या बाईंनी आम्हाला काळे चष्मे दिले, दांडी जखमेवर धरली, लाल ठिपका पडला. मी कॅमेरा धरला. ठिपका सोडून काही नाही. बाहेरून हा रिमोट आणला, तो धरला, लख्ख. पुन्हा दांडी. अंधार.

साहेब : लाल ठिपका दिसला ना? म्हणजे मशीन चालू.

भाऊ : तो ठिपका नेम धरायला असतो. नेम आहे, गोळीच नाही.

साहेब : हे बघा, मोबाइल म्हणजे वैद्यकीय उपकरण नव्हे.

भाऊ : मग तुमचं उपकरण आणा. उजेड मोजायचं मीटर असतं ना? बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, दोन महिन्यांपासून बिघडलंय, दोनदा लेखी कळवलंय.

साहेब : त्यांनी हे तुम्हाला सांगायला नको होतं.

भाऊ : म्हणजे खरं आहे.

साहेब : मीटर बिघडलं म्हणजे मशीनही बिघडलं, असं होत नाही.

भाऊ : धड आहे, असंही होत नाही. तुम्ही बघितलंच नाहीत.

साहेब : शांतपणे समजून घ्या. लेझर हा मुख्य उपचार नाहीच. तो जोडीला देतात. सूज उतरायला, वेदना कमी व्हायला, जखम भरायला थोडा हातभार. मधुमेहाच्या जखमा चिघळतातच. मशीन ठणठणीत असतं तरी अंगठा वाचलाच असता, असं छातीठोकपणे कोणीही सांगणार नाही.

भाऊ : मान्य. पण सर्जन सहा आठवड्यांपूर्वी म्हणाले होते, मेलेलं मांस कापून जखम साफ करू. मग थांबले का? त्यांच्या कागदावर आहे, 'लेझर सुरू आहे, फरक पडतोय, वाट पाहू.' ते तुमच्या भरवशावर वाट पाहत बसले, आणि पू तिकडे हाडापर्यंत गेला. लेझर नव्हता तर नाही म्हणायचं होतं. नाही म्हणायला काय जड होतं?

साहेब : सर्जनचा निर्णय सर्जनचा. आणि आमच्याकडे नोंदी आहेत. ही फाइल. पहिल्या खेपेला वेदना दहापैकी आठ. चौदाव्या खेपेला तीन. हे आकडे मी मनाचे लिहिलेले नाहीत. तुमच्या बहिणीनं सांगितलेत.

भाऊ : अक्का?

अक्का : हं.

भाऊ : तू तीन म्हणालीस?

अक्का : म्हणाले.

भाऊ : मी इथे घसा फोडतोय आणि तू ह्यांच्याच हातात काठी दिलीस?

अक्का : बाई विचारायच्या, आज किती? पहिल्या दिवशी म्हटलं, मला काय कळतंय. त्या म्हणाल्या, आकडा टाकल्याशिवाय मशीन पुढे जात नाही, काहीतरी सांगा. मग आठ म्हटलं. पुढच्या वेळी सात. दर वेळी आठच सांगितलं तर त्यांना वाईट वाटलं असतं. फार हळुवार हात त्यांचा. गिऱ्हाईक नाही का, ब्लाउज काखेत काचत असला तरी मला 'छान बसलाय' म्हणतं, तसंच.

भाऊ : धन्य आहेस तू.

साहेब : म्हणजे आराम पडत होता, हे त्या स्वतःच सांगतायत.

अक्का : मी ते सांगितलेलं नाही, साहेब. फाइलचं पहिलं पान काढा. तुमच्याच अक्षरात आहे. वाचा.

साहेब : त्याचा इथे काय संबंध?

अक्का : वाचा तर.

साहेब : 'दोन्ही पावलांची संवेदना गेलेली. सुमारे दोन वर्षांपासून.'

अक्का : टाचणी ह्या अंगठ्याखाली चार दिवस रुतलेली होती. मी शिलाई मशीनचं पायडल मारतच होते. मोजा लाल दिसला तेव्हा कळलं. तुम्ही मला डोळे मिटायला सांगून ह्याच पायाला सुई टोचलीत, लागलं का विचारलंत, मी नाही म्हटलं. त्याच पायाचं दुखणं आठावरून तीनवर आलं, असं खाली सही करून तुम्ही सर्जनकडे पाठवलंत.

साहेब : दिवसाला चाळीस फायली हाताखालून जातात, बाई. प्रत्येक आकडा...

अक्का : मी खोटं बोलले, बाईंना बरं वाटावं म्हणून. तुम्ही कोणाला बरं वाटावं म्हणून सही केलीत?

भाऊ : आता बोला ना. मघाशी तर...

अक्का : तू गप्प बस जरा, धाकट्या. मघापासून मशीन, मशीन. मशीन बिघडतंच, माझंही बिघडतं. दोरा तुटला की मी पाय उचलते. दोऱ्याशिवाय सुई चालवत राहिलं तर कापडाला नुसती भोकं पडतात, लांबून शिवण मारल्यासारखीच दिसते. हे साहेब दोन महिने तेच करत होते. माझ्या पायावर.

साहेब : तुम्हाला नेमकं काय हवंय? मशीन तपासायला माणूस बोलावतो. आजच.

अक्का : आणि तोवर? बाहेर तिघं बसलीत हातात चष्मे घेऊन.

साहेब : त्यांना योग्य वेळी सांगू.

भाऊ : योग्य वेळ म्हणजे त्यांचाही अंगठा गेल्यावर.

साहेब : बरं. आजचे उपचार थांबवतो. झालं? आता तुमचं बघू. हा उद्याच्या ऑपरेशनचा संमतीचा कागद, सर्जननी इथेच पाठवलाय. सही करा. रागाच्या भरात दोन दिवस घालवलेत तर अंगठ्यावर भागणार नाही, पाऊल जाईल. हे मी घाबरवायला सांगत नाहीये.

भाऊ : अक्का, सही करू नकोस. आधी ह्यांच्याकडून लेखी घेऊ.

अक्का : वेडा आहेस का. पाऊल मला हवंय, पायडल काय तू मारणार? आण ते पेन. पण वाचून करीन.

साहेब : वाचा की. सगळ्यांचा एकच नमुना असतो.

अक्का : हे काय लिहिलंय, कारणाच्या पुढे?

साहेब : ते ठरावीक वाक्य आहे.

अक्का : 'रुग्णाने उपचारांना प्रतिसाद दिला नाही.'

साहेब : असंच लिहितात, बाई. त्यात तुमच्यावर ठपका नाही.

अक्का : चौदा वेळा आले. लंगडत आले, एक खेप चुकवली नाही. म्हणाल तसा पाय धरला, म्हणाल तेवढा वेळ धरला. सही मी करते, साहेब, पेन हातातच आहे. कुठल्या उपचारांना प्रतिसाद दिला नाही मी, तेवढं सांगा.