चाड्यावरची मूठ

१९८३ साली वर्ध्याच्या स्टँडवर, हिंगणघाटच्या रांगेत माझ्यापुढे दोन बाया उभ्या होत्या.

"धुरपता, त्या जुन्या शेतीच्या संग्रहालयात पोरायले पेरणी शिकवाले गेलती म्हणे?"

"गेलती. दरसाली आमचे मालक तिफण हाकत. यंदा ते या जगात नाईत, तर दुसऱ्यानं हाकली."

"अन् तू?"

"मी मागं चालत तिफणीच्या चाड्यात, त्या लाकडी वाटीत, बी सोडाले होती. तीस वर्षं तेच केलं."

"मंग डोये काऊन सुजले?"

"एका पोरीनं विचारलं, आजी, मूठ किती उघडाची हे कसं समजते? म्या म्हटलं, पुढच्याच्या पावलावर ध्यान ठेवजो."

"बराबर सांगतलं."

"सांगतलं. पन माही मूठच उघडली नाई, देवकाबाई. तिफणीनं पाडलेलं सारं तास बियाबिगर गेलं. अन् पोरायनं टाळ्या वाजवल्या."