पटाच्या नियमात नाही

मोहाडीहून भंडाऱ्याला निघालेल्या एसटीत पार्वताबाईंचे डोळे खिडकीबाहेर होते, पण कान पुढच्या सीटवर. तिथं गालाला दुपट्टा बांधलेले एक म्हातारबुवा आणि त्यांच्याच गावचा एक जवान गडी बसले होते.

"भय्याजी, कालच्या शंकरपटात तुमची बैलजोडी पयली आली म्हणतात!"

"आली ना! हाती काठी नाही, टोचाले आर नाही. नियम म्हणजे नियम."

"मंग बैल पळाले कायच्यानं?"

"मायेनं."

"डाव्याच्या शेपटीतून रक्त निंगत होतं जी. मी पायलं."

"चावलो थोडासा."

"शेपटीले? दातानं?"

"मंग? पंचानं काठी नको म्हटलं, आर नको म्हटलं. दाताचं कोठी नाव होतं?"

"हे बी खरं. अन् आता भंडाऱ्याले काहून?"

"दाताच्या डॉक्टरकडे. संध्याकाळी त्याच शेपटीले हळद लावाले गेलो, तं थोबाडावर लात घातली. समोरचे दोन्ही गेले रे! पोटच्या पोरावानी वाढवलं त्याले, अन् असा वागला."

"लातेचं बी नाव नव्हतं ना जी, नियमात."

भय्याजींनी गालावरचा दुपट्टा आवळला. पार्वताबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"अन् बैल कसा हाय जी?" गड्यानं विचारलं.

"त्याले काय धाड भरली? सरकीची ढेप चावून राहिला."