खोक्यातलं मशीन

हाडांच्या डॉक्टरकडे गुडघा दाखवायला आलेली शिंपीणबाई पेंगत होती. शेजारच्या बाकावर नवरा-बायकोची जुंपली आणि तिची झोप उडाली. बायकोचं उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं.

“हे सगळं त्या मोबाइलमुळे.”

“मोबाइलमुळे? चार वर्षं तुमच्या चादरी पिळतेय मी!”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत की! कपडे धुवायचं कोरं करकरीत मशीन घरात आहे अहो, खोक्यात. वर ताडपत्री टाकून!”

“वापरलं की वस्तू बिघडते. आपल्या मशीनवर बघ, एक ओरखडा नाही.”

“त्याची वॉरंटी खोक्यातच संपली.”

“संपू दे. बिघडलंय कुठं?”

“माझं मनगट बिघडलंय! अजून पिळलं तर हात कायमचा जाईल म्हणालेत डॉक्टर मागच्या खेपेला.”

“मग थोडे दिवस कपडे कमी मळवू.”

शिंपीणबाईने हसू दाबत तोंड फिरवलं.

“मळवा हवे तेवढे. सूनबाईने प्लंबर बोलावलाय. एव्हाना मशीन जोडूनही झालं असेल.”

“काय? खोकं उघडलं?”

“फाडलं.”

“अगं, फाडलं कशाला? चिकटपट्टी सोडवली की अलगद निघतं ते!”

“अहो, निघालात कुठं? माझा नंबर आलाय!”

“तू दाखवून घे. मी खोकं बघतो!”

दार धाडकन आपटलं. नर्सने बाहेर डोकावून विचारलं, “सोबत कुणी नाही का, मावशी?”

बायकोने डाव्या हाताने पिशवी उचलली.

“नाही गं. पण घरी मशीन आहे.”