मोजणीच्या दिवशीची ऊब

आगगाडी बंद झाल्यापासून आमच्या स्टेशनाबाहेर तिच्याऐवजी बस येते. परवा त्या थांब्यावर माझ्यामागे एक म्हातारे गृहस्थ आणि एक आजी उभ्या होत्या. आजींनीच बोलायला सुरुवात केली.

“वाकुई-सान, तुम्ही आणि बसने? गाडी विकली की काय?”

“लायसन्सच परत करून टाकलं, किनो-सान. ब्याऐंशी पूर्ण झाली. बस कधी येते?”

“दहाला. ती चुकली की थेट चारला.”

“नालायक लेकाचे रेल्वेवाले! ऐंशी वर्षांची लाइन, एका दिवसाच्या प्रवासी-मोजणीवर बंद केली.”

“त्या दिवशी आम्ही तिघी बायका फलाटावर उभ्या होतो.”

“माहितीये की. बर्फात कुडकुडत होतात. मीच दवाखान्यापर्यंत सोडलं.”

“आम्ही नको नको म्हणत होतो. तुम्ही हॉर्न वाजवायचं थांबेनात.”

“म्हणजे माणुसकी दाखवली, तेच चुकलं माझं?”

“चुकलं आमचं. हीटर दिसला, बसलो. मोजणारा आमच्या स्टेशनापुढे शून्य लिहून गेला.”

“त्याच दिवशी मोजणी आहे, हे मला कुठे ठाऊक होतं?”

“तारीख तुमच्या गाडीच्या मागच्या काचेवर होती, वाकुई-सान. ‘रेल्वे वाचवा, चौदा तारखेला सगळे आगगाडीनेच चला.’ तुमच्याच हातानं चिकटवलेली.”