वरोट्याचा बैल

माहं माहेर माजरीचं. कोळशाच्या खाणीचं गाव ते, बाप खाणीत कामाले, क्वार्टरात आम्ही चार बहिणी, अन् काय सांगू तुम्हाला भाऊ, सकाळी पांढरं लुगडं वाळू घातलं की सांजच्याले ते काळं होऊन घरात ये. तिथी बैल कुठून दिसणार? बैल पाहाचा त मामाच्या गावी, पोळ्याले. अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लेकराइचा पोळा, लाकडाचे नंदी, त्याले चाकं, दोरी धरून पोट्टे घरोघरी वढत नेत, अन् घरची बाई पोट्ट्याच्या हातावर बोजारा ठेवे, कुठी लाडू, कुठी चॉकलेट. आम्ही बुद्धाच्या घरचे, मामाकडं नंदी नव्हता, अन् पोट्टीच्या हातात त तवा कोणीच नंदी देत नव्हतं. मी भिंतीले टेकून पाहत उभी राहो. बोजाऱ्याचं मले काही नाई वाटलं, घरी खायले होतं, पण हातात दोरी नव्हती ना, ते लागलं. हे ध्यानात ठेवा, पुढं कामी येते.

लग्न होऊन आली इकडं पोंभुर्ण्याच्या जंगलात. पयले पयले रडली, इथी लाइट नाई, रात्री कोल्हे ओरडतात, मंग सवय झाली. मी दहावी पास होती, गावात दहावी झालेली सून मी एकलीच, त अंगणवाडी निघाली तवा सेविका मीच झाली. खोली नव्हती, समाजमंदिराच्या ओट्यावर पोट्टे बसवले. अन् शिकवणं मले कोणी शिकवा नाई लागलं, हे मी फुशारकी मारून नाई सांगून राह्यली, खरं सांगून राह्यली. तीन-चार वर्षाच्या लेकराले एक-दोन-तीन म्हणाले लावलं त ते जांभई देते, पण सण आला की त्याचे डोळे उघडतात. म्हणून मी सणावरच शिकवो. होळीले रंग. दिवाळीले दिवे, लहान-मोठा, जवळ-दूर. चौदा एप्रिलले पताका, एक निळी एक पांढरी, एक निळी एक पांढरी, चुकली त पुन्हा सुरू. अन् पोळा म्हणजे त पूर्ण पुस्तकच. शिंगं किती, दोन. पाय किती, चार. शेपटी एक. झूल लाल का पिवळी. समोर कोणता बैल, मागं कोणता, मधात कोणता. एक सुपरवायझर बाई म्हणे, हे खेळणं झालं, शिकवणं कुठी हाय? म्हटलं बाई, कोणत्याई पोट्ट्याले विचारा. तिनं विचारलं, अन् पोट्ट्यानं तिलेच परत विचारलं, तुमच्या घरच्या बैलाले पाय किती? चहा घेतला अन् गेली.

आता चूक सांगते. माहीच चूक हाय, दुसऱ्या कोणाची नाई.

तिसऱ्या का चौथ्या वर्षाची गोष्ट. पोळ्याच्या चार-पाच दिवस आधी मी लेकराइले सांगून बसली की उद्या आपआपल्या घरून बैल घेऊन या रे. सुताराच्या नातवानं असा नंदी आणला भाऊ, काय सांगू, गळ्यात घुंगरू, शिंगाले बेगड, आम्ही सगळे पाहतच राह्यलो. आणखी सहा-सात नंदी आले. बाकीचे पोट्टे रिकाम्या हातानं. अन् मी काय म्हटलं असन? बैलवाले इकडं या, बाकीचे भिंतीकडं बसा. माह्या तोंडानं म्हटलं. ज्या भिंतीले मी स्वतः टेकून उभी होती, तिथीच मी लेकरं बसवले, अन् मले समजलं बी नाई.

तेवढ्यात रस्त्यावर गडगड गडगड आवाज. पाह्यलं त वनिता. चार वर्षाची पोट्टी, तिची माय शेवंता दुसऱ्याच्या धानात निंदाले जाये. वनितानं पाट्यावर चटणी वाटाचा वरोटा सुतळीनं बांधला होता, तो दगड, अन् वढत वढत आणला, घामानं झगा वला झालेला. ओट्यापाशी उभी राह्यली, म्हणे बाई, माहा बैल.

अन् मी हसली.

थोडी नाई हसली, पदर तोंडाले लावून हसली. बाई हसली म्हणून पोट्टे हसले. ते रडली असती त मी उचलून घेतली असती, पण ते रडली नाई. तिनं वरोटा फिरवला अन् गडगड करत परत गेली.

दुसऱ्या दिवशी आली नाई. मी बोलवाले गेली त शेवंता म्हणे, बाई, तिनं चौकट धरून ठेवली, येतच नाई म्हणते, काल वरोट्यापायी मी तिले दोन धपाटे बी दिले, आता घेऊन जाते संगं धानाच्या बांधीवर, करू काय. अन् ते दिवस कसे, धान गुडघ्याएवढं, बांधीत पाणी, धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडंले, साप. तिथी ते पोट्टी एकली बसन दिवसभर, माय वाकून निंदत राहीन, कोण पाहीन तिच्याकडं? अंगणवाडीत निदान समाजमंदिराची सावली होती, गरम खिचडी होती. माह्या एका हसण्यापायी लेकरू धुऱ्यावर गेलं. मले त्या दिवशी जेवण गेलं नाई. घरधनी म्हणे, लहान हाय, चार दिवसात विसरून जाईन. म्हटलं, मी विसरली का?

पोळा झाला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळीच मी माहा वरोटा काढला, धुतला, सुतळी बांधली. सासू म्हणे, अवं आपल्या घरी नंदी पुजत नाईत, हे काय लावलं तू? म्हटलं आई, पुजून नाई राह्यली, वढून राह्यली. निघाली. अंगणवाडीची साडी नेसून, भर गावातून, वरोटा वढत. ज्या पोट्ट्याइले मी भिंतीकडं बसवलं होतं त्याइच्या दारात गेली, म्हटलं चला रे, जे भेटन ते घ्या अन् त्याले दोरी बांधा. एकानं दोडका घेतला, एकीनं लाटणं, एकानं बापाची चप्पल. बाया दारात येऊन हसल्या, बाप्पा बाप्पा, सेविकाबाईले काय झालं! म्हटलं हसा, माह्यावर हसा, लेकरावर नोका हसू. दोनदा सुतळी तुटली. वरोटा वढणं सोपं नाई भाऊ, मले घाम फुटला, तवा समजलं त्या पोट्टीनं कसा आणला असन.

शेवंताचं दार आलं. वनिता दाराच्या मागं. मी वरोटा आंगणात उभा केला अन् बसली. बहुत वेळानं ते बाहेर आली, माह्या वरोट्याभोवती एक चक्कर मारला अन् म्हणे, बाई, तुमच्या बैलाले शिंगं नाईत.

म्हटलं, तुह्या बैलाले कुठी होते?

ते म्हणे, होते. बेशरमच्या झुडपाच्या काड्या बांधल्या होत्या. रस्त्यात पडल्या.

मी पाह्यलंच नव्हतं भाऊ. त्या पोट्टीले शिंगं दोन, हे येत होतं, मी शिकवलेलं तिनं दगडाले बांधलं होतं, अन् मी दगड पाहून हसली. मी तिथीच आंगणात रडली, लाज कायची. म्हटलं वनिता, बाईची चूक झाली. ते घरात गेली, आपला वरोटा गडगडत आणला, बेशरमच्या चार काड्या तोडल्या, दोन माह्या बैलाले, दोन तिच्या. झाली बैलजोडी. सुताराच्या नातवाचा नंदी मागं अन् आमची जोडी समोर, असा त्या वर्षी गावातून तान्हा पोळा निघाला, अन् वनिता दुसऱ्या दिवशी सगळ्याइच्या आधी अंगणवाडीत येऊन बसली.

तवापासून माह्या अंगणवाडीत घरून बैल आणा म्हणाचं बंद. तलावाची माती आणतो, सगळे बनवतात, पोट्ट्या बी बनवतात, कोणाचा बैल डुकरासारखा होते, होऊ द्या, पाय चार पायजेत बस. माहा वरोटा परत घरी गेलाच नाई. आलमारीत तक्त्याइच्या बाजूले हाय, नव्या सुपरवायझर बाईनं विचारलं हे साहित्याच्या यादीत कुठी हाय, म्हटलं नाई, पण पोळ्याले सगळ्यात समोर तोच चालते. घरधनी मिक्सरातली चटणी खाते अन् मले बोलते.

आता माहे थोडेच दिवस राह्यले, मंग घरी बसाचं. पाय दुखतात, पण एकई पोळा चुकवला नाई. अन् वनिता? ते बारावी झाली, लग्न होऊन भामरागडकडं गेली, तिथी आता तेच सेविका हाय. पावसाळ्यात नदी चढली की तिकडची वाट बंद, फोन लागला त लागला. यंदा तान्ह्या पोळ्याले लागला. म्हणे बाई, पुराच्या पायी माती बी आणता नाई आली, दुकान बंद, तरी अठरा लेकरं आले अन् अठरा बैल आले. एका पोट्ट्यानं त फुटकी बादली वढत आणली अन् म्हणे हा माहा बैल.

मी एकच विचारलं. म्हटलं, तू हसली त नाई ना वं?

ते म्हणे, नाई बाई. मी पयले शिंगं पाह्यले.

म्हटलं बस, झालं माहं. सुखी राह्य.